मॉड्यूल सापडलं नाही, हे कंपायलरने नेमकं कधी सांगावं?

रबाळे_नाका

नमस्कार मंडळी,

रबाळे एमआयडीसीत आमची छोटी ऑटोमेशन कंपनी आहे. पाणी शुद्धीकरण आणि सांडपाण्याच्या प्लांटसाठी आम्ही नियम लिहायची एक छोटी भाषा तयार केली आहे. टाकीची पातळी वाढली की पंप चालू, क्लोरीन मर्यादेबाहेर गेला की अलार्म, अशा प्रकारचे नियम. कंपायलर त्यातून सी कोड काढतो आणि तो पुढे कंट्रोलरवर जातो. भाषेत नावं देवनागरीत देता येतात. नियम लिहिणारी माणसं इन्स्ट्रुमेंटेशनची आहेत, प्रोग्रामर नाहीत, त्यामुळे हे आम्ही मुद्दाम ठेवलं.

प्रश्न असा आहे. एका फाइलने दुसरं मॉड्यूल (म्हणजे दुसऱ्या फाइलीतला कोड) इम्पोर्ट करून मागितलं आणि ते नाहीच, तर कंपायलरने ते कधी सांगायचं?

सध्या आमचा कंपायलर फाइल वाचताना इम्पोर्टची ओळ आली की तिथल्या तिथे ते मॉड्यूल शोधतो. सापडलं तर आधी ते कंपाइल करतो, नाही सापडलं तर थांबतो. म्हणजे प्लांटवरच्या माणसाला एका वेळी एकच एरर दिसते. प्लांटच्या मशीनवर इंटरनेट नसतं. फाइल आणायची तर ऑफिसला फोन, पेनड्राइव्ह, गेटवर नोंद. ती आणून पुन्हा बिल्ड केला की पुढचं नाव निघतं. किराणावाला यादी वाचून काय काय नाही ते एकदाच सांगतो, आमचा कंपायलर गिऱ्हाइकाला प्रत्येक जिनसासाठी परत पाठवतो.

टीममध्ये तीन मतं आहेत. पहिलं, आहे तेच ठीक आहे, पहिल्या चुकीला थांबलेलं बरं. दुसरं, नाव प्रत्यक्ष वापरलं जाईल तेव्हाच तक्रार करावी, कारण प्रत्येक प्लांटमध्ये सगळे सेन्सर नसतात, मग नसलेल्या ड्रायव्हरसाठी बिल्ड का अडवायचा? तिसरं मत माझं. आधी सगळ्या फाइलींचे फक्त इम्पोर्ट वाचावेत, कोणाला काय लागतं याचा पूर्ण ग्राफ उभा करावा, जे जे नाही ते एकत्र सांगावं आणि मगच पुढच्या कामाला हात घालावा.

मला माझं मत पटलेलं आहे, पण ज्यांनी हे इतर भाषांत अनुभवलंय त्यांच्याकडून त्याची बाजू तपासून हवी आहे.

वागळे_इस्टेट

विषय मनापासून आवडला. मी सीमधला माणूस, तेव्हा तिथून सुरुवात करतो.

आपल्याकडे कॉलेजात टर्बो सी शिकलेल्या प्रत्येकाने "इन्क्लूड फाइल उघडता येत नाही" ही एरर पाहिली आहे. डिरेक्टरीचा पाथ चुकीचा असला की सगळ्यात आधी तीच यायची. आजचा जीसीसी (सीचा प्रचलित कंपायलर) हेडर, म्हणजे अशी इन्क्लूड केलेली फाइल, सापडला नाही तर ती एरर 'फेटल' मानतो आणि तिथेच कंपाइल संपवतो. तुमच्या पहिल्या मताचं हे सगळ्यात जुनं उदाहरण. त्यामागे कारणही आहे. सीमध्ये हेडर म्हणजे मजकूर जसाच्या तसा चिकटवणं. त्यातला एखादा मॅक्रो (कोडमधल्या शब्दाजागी दुसरा मजकूर घालणारी व्याख्या) नसेल तर पुढच्या ओळींचं व्याकरणच बदलतं, आणि मग पुढे दिलेली प्रत्येक एरर अंदाजपंचे ठरते. तुमच्या भाषेत मॅक्रो नसतील तर हे कारण तुम्हाला लागू नाही.

आता दुसऱ्या मताबद्दल, म्हणजे वापरलं तर बघू. सीने तेही करून पाहिलंय. १९८९ च्या प्रमाण सीमध्ये फंक्शनची घोषणा नसली तरी ते बोलावता यायचं, कंपायलर धरून चालायचा की ते इंट, म्हणजे पूर्णांक, परत देतं. हेडर विसरलात तरी कंपाइल व्हायचं. फंक्शन कुठेच नसेल तर लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारं टूल) सांगायचा, आणि असेल पण वेगळ्या प्रकाराचं असेल तर कोणीच सांगायचं नाही, प्रोग्राम चालताना चुकीचा आकडा हातात यायचा. सी ९९ ने ही सवलत प्रमाणातून काढली, तरी जुना कोड मोडू नये म्हणून कंपायलर वर्षानुवर्षं फक्त वॉर्निंग देत राहिले. क्लँग १६ ने २०२३ मध्ये आणि जीसीसी १४ ने २०२४ मध्ये ती मुळातच एरर केली. उशिरा सांगायची सवय एकदा लावली की ती मोडायला पाव शतक लागतं. तुमची भाषा नवी आहे, आत्ताच कडक ठेवा.

पारसिक

नाका, तुमच्या तिसऱ्या मताला भक्कम आधार आहे. गो बघा. गोमध्ये इम्पोर्ट फाइलच्या सुरुवातीलाच, बाकी सगळ्या घोषणांच्या आधी लिहावे लागतात. त्यामुळे त्याच्या बिल्ड टूलला फाइलचा तेवढाच भाग वाचून थांबता येतं, आणि त्याच्या पार्सरला तशी वेगळी मोडच आहे. आधी पूर्ण ग्राफ बनतो, मग न सापडलेल्या पॅकेजांची नावं निघतात, सोबत ते जोडायला कोणती आज्ञा द्यायची तेही. तोवर एकही फाइल कंपाइल झालेली नसते.

हॅस्केलचा जीएचसीही मेक मोडमध्ये असंच करतो. मुख्य फाइलपासून इम्पोर्ट धरून खाली उतरत जातो, सगळा आराखडा बनवतो, आणि मॉड्यूल नसेल तर "इतक्यांपैकी पहिलं कंपाइल करतोय" ही ओळ दिसायच्या आतच सांगतो.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट मॉड्यूलचंही तेच. २०१५ च्या प्रमाणात मॉड्यूल चालवण्याआधी जोडणीचा टप्पा वेगळा ठेवला आहे. स्थिर इम्पोर्टने मागितलेली सगळी फाइल-साखळी आधी आणली जाते, नावं जुळवली जातात, आणि त्यातलं एक जरी नसेल तर कुठल्याच मॉड्यूलची एकही ओळ चालत नाही. नोडमधल्या जुन्या 'रिक्वायर'मध्ये अर्धा प्रोग्राम चालून झाल्यावर कळायचं की पुढची फाइलच नाही.

तुमच्या भाषेत इम्पोर्ट कुठेही लिहिता येतो का? येत असेल तर आधी ते बदला. फक्त वरच, ही अट घातली की ग्राफ काढणं इतकं स्वस्त होतं की वेळेचा आक्षेपच उरत नाही.

रबाळे_नाका

वागळेकाका, पारसिक, आभार. इम्पोर्ट सध्या कुठेही लिहिता येतो, पण खरोखर तसं लिहिलेल्या फाइली हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या आहेत. ही अट घालतो. मॅक्रो नाहीत आणि येणारही नाहीत.

कोपरी_पूल

मी अजून शिकतोय, त्यामुळे चुकत असेन तर सांगा. पायथॉनमध्ये फाइल बाइटकोडमध्ये (चालवण्याआधीच्या मधल्या रूपात) कंपाइल करताना इम्पोर्टकडे कोणी बघतच नाही. नसलेलं मॉड्यूल मागितलं तरी कंपाइल यशस्वी होतं, आणि ती ओळ चालेल तेव्हाच एरर येते. लाखो लोक हे वापरतात, त्यांचं अडत नाही. मग दुसरं मत इतकं वाईट कसं?

वाशी_खाडी

कोपरी, प्रश्न चांगला विचारलास. मी नवी मुंबईत इंजिनीअरिंगच्या मुलांना शिकवते, हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो झटकून टाकावा असा नाही.

पायथॉनमध्ये इम्पोर्ट ही चालवायची आज्ञा आहे. ती इफच्या आत असू शकते, फंक्शनच्या आत असू शकते, शोधायची ठिकाणं प्रोग्राम स्वतः बदलू शकतो. त्यामुळे कंपाइल करताना "हे नाही" असं खात्रीने म्हणताच येत नाही. या मोकळेपणाचा उपयोगही होतो. जलद लायब्ररी असेल तर ती घे, नसेल तर साधी घे, हे ट्राय-एक्सेप्टमध्ये लिहिण्याची रीत तिथे रुळलेली आहे. पायथॉन ३.६ मध्ये 'मॉड्यूल सापडलंच नाही' यासाठी इम्पोर्ट एररची वेगळी उपजात आली. मॉड्यूल मुळात नाही, की आहे पण त्यातलं एखादं नाव मिळालं नाही, हे दोन प्रसंग त्यामुळे वेगळे ओळखता येतात. नाका, हा फरक तुमच्या संदेशांतही हवा.

पण अडत नाही असं म्हणू नकोस. फंक्शनच्या आत लिहिलेला इम्पोर्ट ते फंक्शन चालेपर्यंत तपासला जात नाही. आता नाकांच्या प्लांटचा विचार कर. कोणता नियम सर्वांत कमी वेळा चालतो? क्लोरीन गळतीचा अलार्म. वर्षभर त्याची वेळ येऊ नये हीच सगळ्यांची इच्छा असते. जो कोड क्वचित चालतो त्याचं मॉड्यूल नसल्याची बातमी तो चालेल तेव्हा मिळणार असेल, तर ती नेमकी नाइट शिफ्टमध्ये, सायरन वाजायला हवा त्या क्षणी मिळेल. वेब सर्व्हरवर हा उशीर परवडतो, तिथे माणूस लॉग बघून दुरुस्त करतो. इथे नाही परवडत. माझं मत याबाबत अगदी स्पष्ट आहे.

ऐरोली_मार्ग

मी जावावर बँकिंगचं काम करतो. जावात दोन्ही बाजू एकाच भाषेत दिसतात म्हणून लिहितोय.

कंपाइल करताना जावासी (जावाचा कंपायलर) कडक असतो, पॅकेज नाही तर एरर. पण प्रोग्राम चालताना जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारं इंजिन) क्लास जेव्हा लागेल तेव्हा शोधू शकतं, आणि प्रमाणग्रंथ सांगतो की जोडणीतली चूक ती जोडणी जिथे लागेल त्या ठिकाणीच फेकली गेली पाहिजे. त्यामुळे कंपाइलच्या वेळी जार (लायब्ररीची फाइल) होती आणि सर्व्हरवर नाही, तर सर्व्हर छान सुरू होतो आणि एखादं महिनाअखेरचं काम आलं की 'क्लासची व्याख्या सापडली नाही' म्हणून पडतो. २०१७ मध्ये जावा ९ ने मॉड्यूल पद्धत आणली त्याचं एक कारण हेच. मॉड्यूलने काय लागतं ते लिहून ठेवायचं, आणि सुरू होतानाच ग्राफ तपासला जातो. एखादं मॉड्यूल नसेल तर मुख्य फंक्शनपर्यंत गाडी जातच नाही. मात्र तुम्ही मॉड्यूल म्हणून घोषित केलं तरच. जुन्या क्लासपाथवर (क्लास शोधायच्या ठिकाणांच्या साध्या यादीवर) चालवलं तर जुनीच वागणूक.

तुमच्या टीमच्या दुसऱ्या मताची खरी गरज जावाने वेगळ्या वाटेने भागवली आहे. 'रिक्वायर्स स्टॅटिक' लिहिलं की ते मॉड्यूल कंपाइलला लागतं पण चालताना नसलं तरी चालतं. सी++१७ मध्ये हेडर आहे का हे विचारायची सोय आहे, ती पुढे सी २३ मध्येही आली. म्हणजे "नसलं तरी चालेल" हे लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, कंपायलरने मनाने धरायचं नाही.

रबाळे_नाका

ऐरोली, हे नेमकं हवं होतं. आमचा जो सहकारी दुसऱ्या मताचा आहे त्याची अडचण खरी आहे. ओझोन सेन्सर चार प्लांटमध्ये आहे आणि बाकी ठिकाणी नाही, आणि नियमांचा संच एकच आहे. भाषेत 'असल्यास घे' असा वेगळा इम्पोर्ट दिला, आणि तो वापरणाऱ्या प्रत्येक नियमात 'नसल्यास' ची बाजू लिहिणं सक्तीचं केलं, तर त्याचंही काम होतं.

वाशी_खाडी

सक्ती ठेवाच. रिकामी बाजू चालणार नाही, हेही पार्सरने बघावं.

घोडबंदर_दक्षिण

थोडा वेगळा मुद्दा मांडते. सगळे "कधी सांगावं" यावर बोलताय, पण सांगितल्यावर पुढे काय? नाका म्हणतात, जे नाही ते सांगायचं आणि मगच पुढे जायचं. म्हणजे मॉड्यूल कमी असताना बाकीच्या नियमांतल्या चुका दिसणारच नाहीत? प्लांटवरच्या माणसाने मॉड्यूलं आणली, आणि मग कळलं की टाकीच्या नियमात पातळीची तुलना तापमानाशी केली आहे. पुन्हा फोन, पुन्हा गेट.

आम्ही टाइपस्क्रिप्टमध्ये काम करतो. तिथे मॉड्यूल सापडलं नाही तर २३०७ क्रमांकाची एरर येते, पण तपासणी थांबत नाही. त्या मॉड्यूलमधून आलेल्या प्रत्येक नावाला 'एनी' हा प्रकार मिळतो, म्हणजे त्याच्याशी काहीही केलं तरी तक्रार नाही. एका नसलेल्या फाइलमुळे शंभर खोट्या एरर येत नाहीत, आणि बाकीच्या खऱ्या चुका दिसतात. पायथॉनचा टाइप तपासणारा मायपायही हेच करतो. रस्टचा कंपायलर न सापडलेल्या इम्पोर्टच्या जागी खोटी नोंद ठेवतो, म्हणजे ते नाव पुढे जिथे जिथे येईल तिथे नवी एरर उमटत नाही.

ऐरोली_मार्ग

ताईंच्या म्हणण्याला दुजोरा. जावात एक जार विसरली की "पॅकेज अस्तित्वात नाही" आणि पाठोपाठ "चिन्ह सापडत नाही" यांची रांग लागते. जावासी मुळात शंभर एररवर छपाई थांबवतो. मोठ्या प्रोजेक्टमध्ये त्या शंभरात एकाच जारची रड असते, आणि तुमच्या हातची खरी चूक एकशे एकावी असल्यामुळे दिसत नाही.

वागळे_इस्टेट

इथे मी ताईंशी निम्मा सहमत. तपासणी पुढे चालू ठेवा, हो. पण टाइपस्क्रिप्ट मुळात एरर असतानाही जावास्क्रिप्ट फाइल काढतो, ती बंद करायला वेगळा पर्याय द्यावा लागतो. कंट्रोलरवर जाणाऱ्या कोडच्या बाबतीत हे कदापि नको. मॉड्यूल कमी असेल तर तपासा सगळं, पण सी फाइल काढू नका.

घोडबंदर_दक्षिण

काका, यात माझी पूर्ण सहमती आहे. मी फक्त तपासणीबद्दल बोलत होते.

पारसिक

क्लँगमध्ये हा वाद एका पर्यायात बसवलेला आहे. साधं कंपाइल करताना हेडर नसला की तो थांबतो. पण एडिटरसाठी जी लायब्ररी आहे तिच्यात "फेटल एरर आली तरी पुढे चालू ठेव" असा पर्याय दिलाय, आणि त्याच्या वर्णनात न सापडणारे हेडर हेच कारण म्हणून लिहिलंय. लिहिणारा माणूस समोर बसलेला असताना सगळं लाल करून उपयोग नाही, हे त्यांना कळलं.

एडिटरबद्दल आणखी एक. माणूस मॉड्यूलचं नाव टाइप करत असताना ते अर्धवट असतं आणि अर्थातच सापडत नाही. कर्सर त्याच ओळीवर असेपर्यंत त्या इम्पोर्टची तक्रार रोखून ठेवा. बिल्डमध्ये मात्र अशी दयामाया नको.

तुर्भे_स्टोअर

उशिरा आलो, पण एक खाचखळगा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. बनवलेली मॉड्यूलं.

नाका, तुमच्याकडे टॅगची यादी एक्सेलमधून येते असं मागे एका धाग्यात लिहिलं होतंत. त्या एक्सेलमधून बिल्ड दरम्यान मॉड्यूल तयार होत असेल, तर ग्राफ काढताना ते डिस्कवर नसणारच. तुमचा पहिला टप्पा म्हणेल "सापडलं नाही", आणि ते खोटं असेल. पुढच्या मिनिटाला ते तयार होणार होतं.

यावर प्रत्येकाने काहीतरी केलंय. जीसीसीला अवलंबनांची यादी काढायला सांगताना एक पर्याय देता येतो, त्यात नसलेला हेडर "पुढे तयार होईल" असं धरून यादीत घातला जातो, एरर येत नाही. जावासी अ‍ॅनोटेशन प्रोसेसर (कंपाइलच्या वेळी नवा कोड तयार करू शकणारा जोडप्रोग्राम) चालू असताना न सापडलेल्या नावांची तक्रार राखून ठेवतो, कारण प्रोसेसर पुढच्या फेरीत तोच क्लास तयार करू शकतो. फेऱ्या संपल्यावरही तो नसेल तरच एरर छापतो. सी++२० च्या मॉड्यूलमध्ये तर काम वाटून दिलंय. आधी एक स्कॅन, जो फक्त लिहून देतो की ही फाइल हे मॉड्यूल पुरवते आणि हे मागते. मागितलेलं कुठेच नाही, हा निर्णय सगळे स्कॅन एकत्र आल्यावर बिल्ड टूल घेतं. सीमेक या बिल्ड टूलच्या ३.२८ आवृत्तीपासून हे रीतसर चालतं.

याची उलट बाजू फोरट्रानमध्ये दिसते. जीफोरट्रान म्हणतो मॉड्यूलची फाइल उघडता आली नाही. आता ते मॉड्यूल जगातच नाही, की आहे पण अजून कंपाइल व्हायचंय, हे त्या एका ओळीवरून कळत नाही. नवा माणूस इथे हमखास अडतो, कारण पहिल्यावर फाइल शोधायची असते आणि दुसऱ्यावर फक्त क्रम बदलायचा असतो.

रबाळे_नाका

तुर्भे, अगदी खरं. टॅग यादी एक्सेलमधूनच बनते. मग प्रोजेक्टच्या फाइलमध्ये "हे मॉड्यूल अमुक एक्सेलमधून तयार होतं" अशी नोंद हवी. ग्राफच्या टप्प्यात अशा नावाला "येणार आहे" म्हणून मान्यता, पण ती एक्सेल फाइल जागेवर आहे का ते त्याच वेळी तपासायचं. आणि जनरेटर चालून झाल्यावर मॉड्यूल आलं नाही, तर ती वेगळी एरर, जनरेटरचं नाव घेऊन.

पारसिक

बरोबर. आणि जे सापडलं नाही त्याचीही नोंद ठेवा. कॅशे (आधीच्या बिल्डचे जपून ठेवलेले निकाल) वापरत असाल तर हा मुद्दा सगळ्यात जास्त छळतो.

समजा तुम्ही आधी 'नियम' फोल्डरमध्ये शोधता, मग 'ड्रायव्हर'मध्ये. आज मॉड्यूल 'ड्रायव्हर'मध्ये सापडलं. उद्या कोणी त्याच नावाची फाइल 'नियम'मध्ये ठेवली. आता खरं तर ती घ्यायला हवी. पण तुमच्या अवलंबनांच्या यादीत फक्त सापडलेली फाइल आहे, ती बदललेली नाही, म्हणून बिल्ड म्हणेल सगळं ताजं आहे. सी आणि मेकच्या जगात हे भोक आजही आहे, कारण कंपायलर सापडलेल्या हेडरचीच यादी देतो. टाइपस्क्रिप्ट मात्र जिथे शोधलं आणि मिळालं नाही ती ठिकाणंही लक्षात ठेवतो, आणि वॉच मोडमध्ये (फाइल बदलली की आपोआप पुन्हा तपासतो तेव्हा) त्यांच्यावर नजर ठेवतो. म्हणून तिथे हरवलेली फाइल जागेवर ठेवली की एरर आपोआप जाते.

कोपरी_पूल

एक विचारू? नावं देवनागरीत आहेत ना. 'पंप_फेऱ्या' हे मॉड्यूल मी माझ्या कीबोर्डवरून लिहिलं आणि दुसऱ्याने त्याच्या, तर ते सारखं धरलं जाईल का? माझ्या फोनवर आणि लॅपटॉपवर 'ऱ्या' वेगळा उमटतो असं मला सर्च करताना जाणवलंय.

वाशी_खाडी

शाब्बास. हा या धाग्यातला सगळ्यात आपल्या घरचा मुद्दा आहे.

'फेऱ्या' लिहायच्या निदान तीन तऱ्हा आहेत. युनिकोडमध्ये 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे. तेच साधा 'र' आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतं. आणि तिसरी, 'र', हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर फरक ओळखता येणं कठीण. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या प्रमाणीकरणाने (वेगळ्या तऱ्हा एका ठरलेल्या रूपात आणण्याने) एक होतात. तिसरी होत नाही. म्हणजे एरर येईल "'पंप_फेऱ्या' सापडलं नाही", आणि माणसाला फोल्डरमध्ये 'पंप_फेऱ्या' डोळ्यांसमोर दिसत असेल. त्याने काय समजायचं?

इतर भाषांनी यावर विचार केलाय. पायथॉन ३ ओळखनावं प्रमाणीकरण करून घेतो, आणि झेडडब्ल्यूजे असलेलं नाव स्वीकारतच नाही. रस्टने २०२१ मध्ये १.५३ आवृत्तीत इंग्रजीबाहेरची ओळखनावं खुली केली, पण जे मॉड्यूल वेगळ्या फाइलमधून यायचं त्याला असं नाव दिलं तर फाइलचा पाथ हाताने लिहावा लागतो, नाहीतर एरर. फाइल सिस्टिम नावाचे बाइट कसे ठेवेल याची खात्री नसते, म्हणून त्यांनी ही खबरदारी घेतली.

नाका, तुम्ही शोधण्याआधी दोन्ही बाजू प्रमाणित करा, इम्पोर्टमधलं नाव आणि फाइलचं नाव. झेडडब्ल्यूजेवाला 'र' तुम्ही स्वतःच 'ऱ' मध्ये बदलून घ्या, मराठीपुरता तो बदल सुरक्षित आहे. आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मात्र गिळू नका, तो सुचवणीत दाखवा.

रबाळे_नाका

कोपरी, सर्वांत मोठं काम तू केलंस. आमच्याकडे "फाइल आहे तरी सापडत नाही" अशा तक्रारी येतात, आणि त्यांची फाइल ऑफिसच्या मशीनवर नव्याने नाव टाइप करून ठेवली की चालते. आता कुठे बघायचं ते कळलं.

सगळं वाचून एररचा मसुदा असा केलाय:

> मॉड्यूल सापडलं नाही: क्लोरीन_मापन
> कोणाला हवं: टाकी_२, ओळ ४. आणखी ६ फाइलींना हवं (सगळ्या दाखवण्यासाठी 'सविस्तर')
> कुठे शोधलं: नियम, ड्रायव्हर, तयार_मॉड्यूलं
> जवळचं नाव: क्लोरिन_मापन (ड्रायव्हर फोल्डरमध्ये आहे)

घोडबंदर_दक्षिण

छान. नसलेल्या मॉड्यूलमागे एक एरर, मागणाऱ्या फाइलीमागे एक नाही, हे विशेष आवडलं. एक सुचवते. 'टाकी_२' ला कोणी मागितलं, ही मुख्य फाइलपासूनची साखळीही 'सविस्तर' मध्ये द्या. जे मॉड्यूल आपण थेट मागितलेलंच नाही त्याची एरर आली की माणूस गोंधळतो.

रबाळे_नाका

देतो. टीमशी बोलणं झालं. इम्पोर्ट फक्त वर. आधी ग्राफ, तयार होणाऱ्या मॉड्यूलांच्या नोंदीसकट. नसलेली सगळी नावं एकत्र. ती नावं अज्ञात प्रकाराची धरून बाकीच्या नियमांची तपासणी त्याच बिल्डमध्ये. सी फाइल नाही. 'असल्यास घे' ला 'नसल्यास' बंधनकारक. शिवाय फक्त पहिला टप्पा चालवायची एक आज्ञा देतोय, म्हणजे ऑफिसमधून निघण्याआधी त्या प्लांटची प्रोजेक्ट फाइल लावून पेनड्राइव्हमध्ये सगळं आलंय का ते बघता येईल. दुसऱ्या मताचा आमचा सहकारीही यावर समाधानी आहे.

वागळे_इस्टेट

एक राहिलं. सी फाइल काढणार नाही म्हणालात, पण कालच्या यशस्वी बिल्डची सी फाइल फोल्डरमध्ये पडलेली असेल. माणूस एरर वाचणार नाही, फाइल दिसली की कंट्रोलरवर चढवेल. नियम बदलल्याचं समाधान आणि चालतोय जुनाच. तिचं काय करणार?

रबाळे_नाका

काका, पुसून टाकावी असा पहिला विचार आला. पण प्लांटवर ती एकमेव चालणारी प्रत असू शकते, आणि कंट्रोलर बदलायची वेळ आली तर तीच लागेल.

तुर्भे_स्टोअर

पुसू नका. तयार झालेल्या फाइलमध्ये ती ज्या ज्या मॉड्यूलांपासून बनली त्या सगळ्यांचा मिळून एक हॅश (मजकूर बदलला की बदलणारी छोटी खूण) लिहून ठेवा. चढवणारं टूल तुमचंच आहे ना? त्याने चढवण्याआधी सध्याच्या ग्राफचा हॅश काढून ताडून बघावा. ग्राफ अपूर्ण असेल किंवा जुळत नसेल तर नकार. मुद्दाम जुनी प्रत चढवायची असेल तर वेगळी आज्ञा, आणि तिची नोंद लॉगमध्ये.

वागळे_इस्टेट

हे चालेल. आणि ती वेगळी आज्ञा देताना कोणती मॉड्यूलं कमी आहेत त्यांची नावं पुन्हा एकदा पडद्यावर यायला हवीत.

रबाळे_नाका

टूल आमचंच आहे. दोन्ही करतो. ग्राफचा भाग आधी घेतोय, चालू झाला की याच धाग्यावर लिहीन. ज्यांच्याकडे देवनागरी नावांच्या फाइली वेगवेगळ्या कीबोर्डवरून बनवलेल्या असतील त्यांनी व्यनि करा, 'ऱ्या' तपासायला मला त्या हव्या आहेत.